दार लागल्यानंतर

११ जानेवारी १९५१, न्यू हेवन

डोरिन दारापाशी पोचली होती, कडीवर हात होता, आणि तिचं वाक्य मी बोलले.

"अडवू नकोस, आई. परत यायचं म्हणूनच चाललेय."

चांगलं बोलले. आवाज चोविसाव्या वर्षीचा लागला. मग लक्षात आलं की मी चुलीपाशी उभी आहे, अंगावर मिसेस पॅडॉकचा करडा झगा आहे, डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप आहे. या नाटकात आता मी आई आहे.

डोरिन वळली. पोरीच्या चेहऱ्यावर रेषा हलली नाही. माझं वाक्य होतं, "जा. दार नीट लाव, वारा येतो." तिनं ते उचललं आणि फिरवलं. "जाते. दार नीट लावून घेते, वारा येतो." मग गेली.

प्रेक्षकांना कळलं नसावं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. त्यानंतर पडदा पडेपर्यंत रंगमंचावर मी एकटी असते. तेवढ्या वेळात मी काय केलं ते मला सांगता येणार नाही.

रंगपटात माझी मदतनीस बर्डी हिनं माझा टोप उतरवला. "आज दोघींचं काम केलंत, बाई," ती म्हणाली. "उद्या त्या पोरीला सुट्टी द्या."

दिग्दर्शक पाइक दारात उभा राहिला. तेहतीस वर्षांचा आहे. बोलायला जड असलं की चष्मा पुसतो.

"वाक्याचं सोडा, मिस हॅस्कल. दोन वर्षं बोललेलं वाक्य जिभेवर येणारच. मला काळजी आहे ती शेवटाची."

चष्मा आधीच स्वच्छ होता.

१२ जानेवारी

'पॅडॉकांचं घर' पहिल्यांदा उभं राहिलं ते पंचवीस साली. मुलगी लेटी मी होते. त्या कामानं माझं नाव झालं, आणि त्या नावावर मला चित्रपटांसाठी कॅलिफोर्नियाला बोलावलं. सहा आठवड्यांसाठी गेले होते. आधी दुकानातल्या मुली केल्या, मग बायका, मग न्यायाधीशांच्या बायका. शेवटच्या चित्रपटात मी घोड्याच्या मालकाची आई होते. घोड्याला माझ्यापेक्षा जास्त काम होतं.

आता पाइक तेच नाटक पुन्हा करतोय आणि त्यानं मला आईचं काम दिलंय. न्यू हेवन, मग बॉस्टनला दोन आठवडे, मग न्यू यॉर्क. न्यू यॉर्कपर्यंत टिकले तर पुन्हा नाटकवाली झाले. नाही टिकले तर पन्नाशीच्या बाईला परत कुणी बोलावत नाही.

शेवटासाठी लेखकानं तीनच वाक्यं लिहिली आहेत. दार लागतं. मिसेस पॅडॉक एकटी. पडदा सावकाश.

दुपारी पाइकनं फक्त तेवढंच करून घेतलं. आठ-दहा वेळा तरी. डोरिन जायची, दार लागायचं, मी उभी.

"तुम्ही वाट बघताय," तो म्हणाला.

"तिचीच वाट बघतेय. ती गेलीय ना?"

"नाही. तुम्ही कुणीतरी कट म्हणायची वाट बघताय. इथं कट कुणी म्हणणार नाही, मिस हॅस्कल."

सगळे हसले. मीही हसले. चित्रपटात दार लागलं की लागलं. पलीकडे कुणी उरत नाही.

१३ जानेवारी

पाइकनं आज विचारलं, जुन्या एलरीबाई शेवटी काय करायच्या? तेव्हाची आई मिसेस एलरी होत्या. सहाशेवर प्रयोग आम्ही एकत्र केले. त्या शेवटाबद्दल लोक अजून बोलतात म्हणे. पाइकच्या वडिलांनी तो पाहिला होता. ते घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

"फार काही करायच्या नाहीत," मी म्हटलं.

मला ठाऊक नाही. मी दार लावायची आणि जिना चढून वर रंगपटात जायची. लेटीचे बूट गुडघ्यापर्यंत होते, ते सोडायला वेळ लागायचा. टाळ्यांसाठी खाली यायचं तर बूट बदललेले हवेत, कारण मला माझे निळे जोडे घालून लोकांसमोर यायला आवडायचं. वर टाळ्या ऐकू यायच्या. आधी बराच वेळ काहीच नाही, मग एकदम. त्या माझ्यासाठी आहेत असंच मी समजायची.

एलरीबाई एकदा जिन्यात भेटल्या होत्या. म्हणाल्या, "एकदा थांबून बघ गं, विनी, तू गेल्यावर काय होतं ते." मी म्हटलं, उद्या नक्की.

त्या अडतीस साली वारल्या. मी फुलं पाठवली होती.

१४ जानेवारी, गाडीत

डोरिन समोर बसली आहे, सँडविच खातेय, आणि लिहिताना माझ्या हातांकडे बघतेय. बावीस वर्षांची आहे. बाप पिट्सबर्गला पोलादाच्या भट्टीवर आहे, हे ती भेटेल त्याला सांगते.

रोज माझं झाल्यावर ती मला विंगेत दिसते. दारातून गेली की ती वर जात नाही, भिंतीला टेकून उभी राहते. माझी फजिती बघायला, असं बर्डीचं मत आहे. आज विचारलं.

"तू रोज तिथं का थांबतेस?"

"कुठं?"

"दारामागं. तुझं काम संपलेलं असतं."

तिनं घास गिळला. "मी गेल्यावर आईचं काय होतं हे मला माहीत नको का? नाहीतर मी जाणार कशी?"

"मी तर जायची."

"तुमची गोष्ट वेगळी, मिस हॅस्कल," ती म्हणाली. मग घाईनं, "म्हणजे तुम्ही फार मोठ्या आहात."

लोणच्याची काकडी तिनं मला दिली. मला आवडत नाही, पण खाल्ली.

१६ जानेवारी, बॉस्टन

काल पहिला प्रयोग झाला. वर्तमानपत्रांना डोरिन आवडली. माझ्याबद्दल एकानं लिहिलं आहे, 'शेवटी मिस हॅस्कल गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशासारख्या दिसतात.' बर्डीनं तेवढा तुकडा फाडून बाकीचं वर्तमानपत्र मला दिलं. मी खाली जाऊन दुसरं विकत घेतलं.

निर्माते कोवन पुढच्या बुधवारी रात्रीच्या प्रयोगाला येणार आहेत. त्यानंतर ठरवणार. कॉन्स्टन्स ऑर्डवे न्यू यॉर्कला आईची वाक्यं पाठ करतेय. हे मला पाइकनं सांगितलं नाही. कॉन्स्टन्सनंच फोन करून सांगितलं. "मला तुझ्याबद्दल फार वाईट वाटतं गं," म्हणाली. वाटत असेलही.

माझ्या लेकीसाठी, एडिथसाठी, रोज एक पास तिकीटखिडकीवर ठेवते. ती युटिकाहून येऊ शकली नाही अजून. तिकडे बर्फ पडतंय.

१८ जानेवारी

क्लाराला फोन लावला. बहीण असूनही मी वर्षातून दोनदा करते.

"विनी? कोण गेलं?"

"कुणी नाही. तू कशी आहेस?"

"पाव भाजतेय. बोल."

"तू 'पॅडॉकांचं घर' पाहिलं होतंस ना, पंचवीस साली?"

"तीनदा. तू पास पाठवायचीस आणि मला ऑल्बनीला गाडी बदलावी लागायची, त्या पोरीला काखेत घेऊन. हसू नकोस. ती दर वेळी दुसऱ्या अंकात झोपायची."

"शेवटी म्हातारी काय करायची गं? मी गेल्यावर?"

"तू गेल्यावर?" क्लारा म्हणाली.

"नाटकात, क्लारा. मी दारातून गेल्यावर."

"नाटकातलं मला आठवत नाही. तू गेलीस की मी हातमोजे शोधायला लागायची, गाडी चुकू नये म्हणून." भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "तू खरी गेलीस ना, ते आठवतं."

मग तिनंच सांगितलं.

सत्तावीस सालचा जानेवारी, तिचं स्वयंपाकघर. मी टेबलाशी बसून कॉफी प्याले, उठले, एडिथचा मुका घेतला, गेले. एडिथ तेव्हा साडेचार वर्षांची. रडली नाही. मी बसले होते त्या खुर्चीपाशी गेली आणि बैठकीवर हात ठेवला. मग चढून त्या खुर्चीत बसली. जेवायला उठेना. क्लारानं पहिल्यांदा समजावलं, मग दटावलं.

"म्हणाली, उठले तर गार होईल."

"काय?"

"खुर्ची, विनी. तुझी ऊब होती ना तिच्यात. ती जाऊ नये म्हणून बसून होती. तिथंच झोपली. उचलून नेलं तर जागी होऊन परत आली, हात लावून बघितलं, आणि मग रडली."

"तू मला हे कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? तू सहा आठवड्यांत येणार होतीस. आज विचारलंस, तेही नाटकासाठी." मग म्हणाली, "पाव करपला," आणि फोन ठेवला.

मी खोलीतल्या खुर्चीवरून नुकतीच उठले होते. बैठकीवर हात ठेवून पाहिला. खरंच ऊब राहते. किती वेळ राहते ते बघत उभी राहिले. पडदा पडायला लागतो त्याहून जास्त.

१९ जानेवारी

दुपारी डोरिनला सांगितलं, निघण्याआधी तू चुलीजवळच्या खुर्चीत बसून बूट बांध. आतापर्यंत ती ते उभ्यानं करायची.

"का?"

"खुर्ची ऊबदार हवी."

"लोकांना ऊब दिसते का, मिस हॅस्कल?"

"मला लागते."

पाइकनं करून बघा म्हटलं.

रात्री दार लागलं. मी चुलीपासून निघाले, खुर्चीपाशी आले, बैठकीवर हात ठेवला. मग सावकाश त्या खुर्चीत बसले, अंग चोरून, जितकी जागा डोरिननं घेतली होती तितकीच घेऊन. तिथून हललेच नाही.

पडदा पडला आणि काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, गेलं. मग एकदम टाळ्या आल्या.

विंगेत डोरिन भिंतीकडे तोंड करून उभी होती. बर्डी म्हणाली, सर्दी झालीय. पाइक आत आला तेव्हा चष्मा त्याच्या हातातच नव्हता.

"हे एलरीबाईंचं, हो ना? तुम्हाला आठवलं."

"हो," मी म्हटलं. "आठवलं."

एलरीबाईंना श्रेय देण्यात काय वाईट आहे?

२१ जानेवारी

काल दोन प्रयोग झाले, दोन्ही वेळा तसंच. माझ्याबद्दल वाईट लिहिणाऱ्यानं परत येऊन बघितलं म्हणे आणि आज पुन्हा लिहिलंय. बर्डीनं तो तुकडा आरशात खोचला.

सकाळी एडिथचा फोन आला. स्वतःहून. "मातोश्री, बुधवारी येते," म्हणाली. क्लाराला ती आई म्हणते, अगं-तुगं करते. मला मातोश्री आणि तुम्ही. गमतीनं. लहानपणी कुठंतरी ऐकलं असेल, ते राहिलं.

दुपारचा प्रयोग बघणार, मग माझ्याबरोबर जेवणार, वाटलं तर रात्रीचाही बघेन म्हणाली. मी दोन्हींचा पास ठेवलाय आणि हॉटेलात माझ्या मजल्यावर खोली घेतलीय.

क्लारानं सांगितलेल्या गोष्टीचा विचार मनात आला होता. पण साडेचार वर्षांच्या मुलीला काय आठवतं? मला माझं दहाव्या वर्षापर्यंतचं काही आठवत नाही. शिवाय नाटकात ते आई करते, मुलगी नाही.

२४ जानेवारी

दुपारचा प्रयोग चांगला झाला. एडिथ मागच्या दारानं आत आली. करडा कोट, डोक्यावर रुमाल, हातात क्लारानं दिलेला डबा. मुरंबा होता. ती माझ्यासारखी दिसत नाही. बापासारखी दिसते, आणि तो कसा दिसायचा ते मी तिच्यावरून आठवते.

"छान झालं, मातोश्री," ती म्हणाली. बर्डीनं तिला बसायला खुर्ची दिली. ती उभीच राहिली.

समोरच्या खानावळीत गेलो. शिंपल्यांचं सूप मागवलं. तिच्या नवऱ्याला बढती मिळालीय. क्लाराचे गुडघे दुखतात. मी एका घोड्याची गोष्ट सांगितली, ती हसली. मग चमचा ताटलीत ठेवून म्हणाली,

"ते खुर्चीचं..."

तेवढ्यात पाइक आला. त्याला आम्ही काचेतून दिसलो होतो. मी ओळख करून दिली. तो खूश होता, माणूस खूश असला की थांबत नाही.

"शेवट बघितलात ना? कोवन आज रात्री बघू देत, मग ऑर्डवेबाई वगैरे विषय संपला. तुमच्या आईंची स्मरणशक्ती बघा. पंचवीस वर्षांपूर्वी एलरीबाई जे करायच्या ते काल पाहिल्यासारखं आठवलं त्यांना. खुर्चीची ऊब! कुणाला सुचलं असतं?"

"एलरीबाई," एडिथ म्हणाली.

"मोठी नटी होती," पाइक म्हणाला.

"असणार."

तो गेला. मी पाव मोडला. आता सांगावं असं वाटलं, आणि सूप गार होईल असंही वाटलं. तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. दुकानातली वस्तू घ्यायची नाही असं ठरल्यावर माणूस ती परत ठेवतो, तसं काहीतरी.

"आईनं ती खुर्ची अजून ठेवलीय," ती म्हणाली. "माळ्यावर. पाय मोडलाय एक."

"हो का?"

"मी टाकू दिली नाही." मग विचारलं, "रात्रीही करणार?"

"रात्री प्रयोग आहे, एडिथ."

"हो. प्रयोग आहे."

तिनं सूप अर्धं टाकलं. प्रवासानं दमली असणार. हॉटेलच्या दारापाशी माझ्या कॉलरवरचं काहीतरी झटकलं आणि म्हणाली, "जा, उशीर होईल तुम्हाला." रात्री येतेस ना, विचारलं. "पास आहे माझ्याकडे," म्हणाली.

रंगपटात बर्डी टोप विंचरत होती. तिला म्हटलं, आज मी शेवट बदलतेय.

"आज? कोवनसाहेब पाचव्या रांगेत बसणार आहेत!"

"खिडकीपाशी जाईन. बाहेर बघेन. बाई खिडकीपाशी जाऊन मुलीला जाताना बघेल, हेही खरंच आहे."

"खरं कशाला हवंय, बाई? हवंय ते सापडलंय ना?"

प्रयोगाला अर्धा तास उरल्याची हाक आली. मी मनात खिडकीची पावलं मोजली. एडिथची जागा डावीकडे होती, खिडकीच्या समोर. ती मला बघेल. तिला कळेल.

डोरिन खुर्चीत बसली, बूट बांधले, उठली. "अडवू नकोस, आई. परत यायचं म्हणूनच चाललेय." मी म्हटलं, जा, दार नीट लाव, वारा येतो. दार लागलं.

मी खिडकीकडे निघाले. दोन पावलं गेले. डावीकडे बघितलं, पण दिवे डोळ्यांवर होते, काळोखाशिवाय काही दिसलं नाही. कुणीतरी खोकलं. मग आणखी कुणीतरी. मी तो आवाज ओळखते. लोक हातातून सुटायला लागले की तसे खोकतात.

मी ठरवलं होतं, नाही करायचं. पावलं खुर्चीकडे वळली, हात गेला.

बैठक ऊब धरून होती. मी बसले. खोकला थांबला. आतापर्यंत इतकं चांगलं कधी झालं नव्हतं. मध्ये एकदा मला खरोखर वाटलं की उठले तर गार होईल, आणि पडदा पडल्यावरही मी उठले नाही. डोरिननं येऊन हात धरून उठवलं. टाळ्यांना पुढं जायचं होतं.

विंगेत पाइक होता, कोवन होते, खूप माणसं होती. एडिथ आत आली नाही. गर्दी बघून गेली असेल. हॉटेलात तिच्या दारावर टकटक केलं. झोपली असावी.

२५ जानेवारी

सकाळी खाली आले तेव्हा हॉटेलच्या माणसानं सांगितलं की मिसेस ब्रँट, म्हणजे एडिथ, काल संध्याकाळीच गेल्या, युटिकाच्या गाडीनं. खोली वापरलीच नाही. रात्रीचा पास त्याच्याकडे देऊन गेली होती, दुसऱ्या कुणाला हवा असेल तर म्हणून.

कोवन नाश्त्याला भेटले. न्यू यॉर्क पक्कं झालं. पाइक म्हणाला, वरच्या गॅलरीतून बैठकीवरचा हात दिसत नाही, खुर्ची थोडी पुढं घेऊ.

अकराला तालमीला गेले. खुर्ची पुढं घेतली.